आधी नकलेचा अर्ज टाका, अपिलाचं मग बोलू

ताई, हायकोर्ट अपील घेईल का, असं तुम्ही विचारलंत. बांधाच्या दाव्यात तुम्ही खालच्या कोर्टात हरलात, साताऱ्याच्या जिल्हा कोर्टातलं अपीलही फेटाळलं, निकालाला तीन आठवडे झाले आणि नकलेच्या खिडकीवर "हुकूमनामा तयार नाही, महिन्यानं या" असं सांगितलं (हुकूमनामा म्हणजे निकालावरून कोर्ट लिहितं तो औपचारिक आदेश). ते वाक्य वाचून पोटात गोळाच आला. मला अगदी हेच सांगितलं होतं, जिल्हा वेगळा एवढंच.

मी वकील नाही, शेतकरी आहे. स्वतःच्या केसपुरतं शिकलो, तेवढंच सांगतो. तुमच्या वकिलांना विचारल्याशिवाय काही करू नका.

उद्या सकाळी जाऊन नकलेचा अर्ज टाका. हुकूमनामा तयार असो वा नसो. हायकोर्टात दुसऱ्या अपिलाला ९० दिवस मिळतात. नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ त्यातून वजा होतो, पण तो अर्ज टाकल्यापासून. अर्जाआधी कोर्टानं हुकूमनामा लिहायला लावलेला वेळ वजा होत नाही, हे मुदतीच्या कायद्याच्या कलम १२ मध्ये स्पष्ट लिहिलंय. मी खिडकीवरच्या माणसाचं ऐकून ८१ व्या दिवशी अर्ज टाकला. नक्कल चौदा दिवसांत मिळाली. मग वाटलं, आता इथून ९० दिवस. निवांत ५२ व्या दिवशी दाखल केलं. हिशोब करा: ४३ दिवस उशीर. त्या माणसावर काही आलं नाही, तो खिडकी बंद करून जेवायला गेला असेल.

विलंबमाफीचा अर्ज करावा लागला. "मिळते हो माफी" असं सगळे म्हणतात. मलाही मिळाली, खर्च भरून. पण तो अर्ज ऐकायलाच दीड वर्ष गेलं, आणि अपील दाखल केलं म्हणजे स्थगिती मिळत नाही. समोरच्यानं दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करायचा अर्ज, लावली, बेलिफ आला, बांध गेला. सोबत पंधरा वर्षांची दोन आंब्याची झाडं. ते जाऊ दे.

आता तुमचा मूळ प्रश्न, हायकोर्ट अपील घेईल का. वेगळी परवानगी मागायची नसते, पण ॲडमिशनची सुनावणी, म्हणजे अपील ऐकायला घ्यायचं का हे ठरवतात ती, परवानगीच समजा. १९७६ च्या दुरुस्तीनंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील ऐकतात, आणि तो प्रश्न कोर्ट स्वतः लिहून काढतं. "शेजारी खोटं बोलतोय, साक्षीदार फितवले" हा प्रश्न नव्हे. दोन्ही कोर्टांनी एकच निष्कर्ष काढला असेल तर वस्तुस्थितीत हायकोर्ट सहसा हात घालत नाही. पण मोजणीचा नकाशा रेकॉर्डवर असून निकालात त्याचा विचारच नाही, पुराव्याचं ओझं चुकीच्या माणसावर टाकलं, खरेदीखताच्या मजकुराचा कायदेशीर अर्थ चुकीचा लावला, असं काही असेल तर आशा आहे. माझ्या वेळी न्यायमूर्तींनी फाईल बंद ठेवूनच विचारलं, प्रश्न कोणता? आमच्या वकिलांनी हकीकत सुरू केली. तिथेच कळलं. तुम्ही निकाल हातात घेऊन बसा आणि कोणतं निशाणी क्रमांकाचं (कोर्टानं पुरावा म्हणून नंबर दिलेलं) कागदपत्र त्यात आलंच नाही ते पेन्सिलीनं काढा. हे काम वकिलापेक्षा आपण बरं करतो, जमीन आपली असते.

माझ्या मते प्रश्न दोन ओळींत मांडता येत नसेल तर अपिलाचे पैसे विहिरीला लावा. काहींना हे पटणार नाही.

साताऱ्याचं काम ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, मुंबईची फेरी वाचेल. स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्या. समोरच्यानं कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा अर्ज) टाकलंय का तेही पाहा, नाहीतर पहिल्याच तारखेला गडबड होते. आणि नक्कल तयार झाली की त्याच दिवशी उचला, तयार होऊन पडून राहिलेले दिवस तुमच्याच खात्यात. अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी, हे नकलेवर शिक्क्यात असतं, त्याचा फोटो काढून ठेवा.