देवाशेजारी दाता : व्हान डेर पालेचे वेदीचित्र

प्रश्न : आमच्या शाळेच्या ग्रंथालयातील एका पुस्तकात बाळ येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीमातेपुढे गुडघे टेकलेला एक वृद्ध दिसतो, खाली ‘व्हान डेर पाले’ असे नाव आहे. आमच्या गावच्या मारुतीच्या सभामंडपात देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली आहेत, पण देणगीदाराला चक्क देवापुढे बसवण्याचे कारण काय? आणि त्याच्या मागचा चिलखतातील योद्धा कोण?
(एक शिक्षिका, जि. वाशीम)

उत्तर : चित्रकार यान व्हान आयक याने 1436 साली पूर्ण केलेले हे वेदीचित्र, म्हणजे चर्चच्या वेदीसाठी रंगवलेले चित्र, आज बेल्जियममधील ब्रुग्ज येथील ग्रोनिंगे संग्रहालयात आहे. योरिस व्हान डेर पाले हा तिथल्याच सेंट डोनेशियन चर्चमधील धर्माधिकारी होता. आपल्या पश्चात आत्म्यासाठी प्रार्थना होत राहावी, ही त्या काळच्या दात्यांची खरी तळमळ होती. योरिसने चित्राबरोबरच त्या चर्चमध्ये दोन पुरोहितांच्या कायम नेमणुकीची तजवीज केली आणि ती चौकटीवर लिहवूनही घेतली. म्हणजे आपण म्हणता तशी पाटी येथेही आहेच.

योद्धा म्हणजे संत जॉर्ज. योरिस हे जॉर्जचेच फ्लेमिश, म्हणजे तिथल्या भाषेतले, रूप असल्याने तो दात्याचा नामसंत ठरतो, आणि शिरस्त्राण उचलून तो आपल्या माणसाला मेरीपुढे सादर करतो. त्याच्या हाताची सावली योरिसच्या पांढऱ्या झग्यावर पडलेली अवश्य पाहावी : संत आणि माणूस एकाच उजेडात उभे आहेत, हे एवढ्या ठामपणे सांगणारा दुसरा तपशील या चित्रात मला दिसत नाही. वृद्धाच्या सुरकुत्या चित्रकाराने जराही सौम्य केलेल्या नाहीत. हातात चष्मा व प्रार्थनेची पोथी असून त्याची नजर मेरीकडे नाही. वाचता वाचता मनात उमटलेले दर्शनच समोर साकारले आहे, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात आणि तो मला पटतो. दुसऱ्या बाजूचा संत डोनेशियन हा त्या चर्चचा अधिष्ठाता होय.

मात्र नामसंताचा नियम सरसकट लावू नये. घेंटच्या 1432 सालच्या वेदीचित्रात योस व्हेद व एलिझाबेथ बोर्लूट या दात्या दांपत्यामध्ये दोन संत जॉन आहेत, कारण ते चित्र ज्या चर्चमध्ये होते ते तेव्हा बाप्तिस्मा देणाऱ्या जॉनच्या नावाचे होते. चित्रकार ह्यूगो व्हान डेर गूस याने टोमासो पोर्तिनारी या दात्यासाठी रंगवलेल्या चित्रात मात्र टोमासो, त्याचा मुलगा अंतोनियो आणि मुलगी मार्गारिता यांचे नामसंत, म्हणजे संत थॉमस, संत अँथनी आणि संत मार्गारेट, दिसतात. नाव माहीत नसल्यास संताची खूण शोधावी : मार्गारेटपाशी ड्रॅगन, बार्बरापाशी मनोरा, कॅथरीनपाशी चाक.