मानेतलं इंजेक्शन वरवरचं की खोल?

प्रश्न : माह्या मायचं गलगंडाचं ऑपरेशन वर्ध्याले ठरलं हाय, वय 58, शुगर नाही पण दमा हाय. भूलवाले डॉक्टर म्हणले का झोपवल्यावर मानेत दोन्ही बाजूनं इंजेक्शन देऊ, मंग नंतर दुखणं कमी राहीन. पण गावात एकानं सांगतलं का मानेतल्या खोल इंजेक्शननं दम लागते, तवापासून माय म्हणते मले ते नको, दुखलं तं दुखू द्या. काय करावं?
– एक वाचक भगिनी, आर्वी तालुका

उत्तर : ताई, सांगणाऱ्याचं म्हणणं खोटं नाही, पण ते ज्या इंजेक्शनबद्दल आहे ते वेगळं, आणि थायरॉइडसाठी, म्हणजे गलगंडाच्या ऑपरेशनला, सहसा देतात ते वेगळं.

मानेच्या कातडीला जाणीव देणाऱ्या नसा मानेतल्या वरच्या मणक्यांजवळून निघतात आणि मान वळवल्यावर कानामागून छातीकडे जो जाड स्नायू उठून दिसतो ना, त्याच्या मागच्या कडेला साधारण मधोमध वर येतात. वरवरच्या ब्लॉकमध्ये (ब्लॉक म्हणजे नसा बधिर करणारं इंजेक्शन) तिथंच कातडीखाली बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध सोडतात, दोन्ही बाजूला, कारण चिराही गळ्यावर आडवा दोन्हीकडे असतो. पुढचे बरेच तास चिऱ्याची आग कमी राहते, मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात आणि त्यांच्यामुळे होणारी मळमळही टळते. टाके ताजे असताना उलटीचे उमाळे यावेत हे कोणालाच नको, म्हणून मला हा फायदा मोठा वाटतो.

खोल ब्लॉकमध्ये सुई थेट मणक्याच्या बाजूच्या हाडापर्यंत नेतात. तिथून श्वासाच्या पडद्याची नस जवळ, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनीही जवळ. दोन्ही बाजूंचे पडदे एकदम ढिले पडले तर दम लागणारच, त्यात तुमच्या मायला आधीच दमा. मानेच्या रक्तवाहिनीच्या ऑपरेशनमधल्या अभ्यासांचा 2007 मध्ये एकत्र आढावा घेतला होता, त्यात गंभीर त्रास खोल ब्लॉकमध्ये जास्त दिसला. बरं, एवढी जोखीम घेऊनही थायरॉइडमध्ये दुखणं खास जास्त कमी होतं असंही नाही, म्हणून दोन्हीकडून खोल ब्लॉक मी तरी सुचवणार नाही.

अजून दोन प्रकार आहेत. सोनोग्राफीत बघत स्नायूच्या खालच्या थरात औषध सोडतात तो मधला ब्लॉक, हात बसलेला डॉक्टर असेल तर चांगला, पण मशीन नसेल म्हणून हळहळू नका, वरवरच्यानंही काम होतं. आणि सर्जन टाके घालताना चिऱ्यातच औषध भरतात, ते सगळ्यात सोपं, ब्लॉक जमत नसेल तिथं तेवढं तरी नक्की करून घ्यावं.

पण मायला आधीच सांगून ठेवा की ब्लॉक दिला तरी घसा दुखेल, कारण भुलीत श्वासनळीत नळी असते, आणि मान मागं ताणून ठेवलेली असते म्हणून मानेची मागची बाजूही अवघडेल. ते ब्लॉकनं जात नाही, त्याला पॅरासिटामॉल वेळेवर द्यावं लागतं. कान बधिर वाटला किंवा आवाज थोडा घोगरा आला तर नर्सला सांगा, ब्लॉकमुळे असेल तर काही तासांत उतरतं. आणि दम्याचं भूलवाल्या डॉक्टरांना आठवणीनं सांगा, कारण डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना धाप लागते.

तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, "वरवरचा देणार का खोल?" वरवरचा म्हणाले तर मायला खुशाल तयार करा.

पहिल्या रात्री मात्र कोणीतरी जागं राहा. गळा फुगायला लागला, पट्टी घट्ट वाटली, श्वासाला आवाज यायला लागला तर सकाळची वाट बघू नका, लगेच नर्सला उठवा, कारण आत रक्त साचलेलं असू शकतं. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तेही सांगा, कॅल्शियम उतरलेलं असू शकतं, आणि हे घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांतही होतं.