लोक गरिबीमुळेच देश सोडतात ना? त्यात परराष्ट्र धोरणाचा काय संबंध?

नुसत्या गरिबीने माणसं निघाली असती तर सगळ्यात गरीब देश आधी रिकामे झाले असते. निघायलाही पैसे लागतात. रोजचं चाललेलं काहीतरी मोडतं तेव्हा लोक निघतात, आणि मोडणारा पुष्कळदा परदेशात बसलेला असतो.

मला हे भाडेकरूमुळे कळलं. कोंढव्यात आमच्या वरच्या खोलीत एक अफगाण मुलगा राहायचा, पुण्यात एम.कॉम. करत होता. भाडं पाच तारखेला म्हणजे पाचलाच. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं आणि सप्टेंबरचं भाडं आलं नाही. विचारलं तर म्हणाला, "काका, वडिलांचे पैसे बँकेत आहेत, पण बँक देत नाही."

झालं असं होतं की अफगाण सरकारच्या खर्चातला सुमारे पाऊण हिस्सा परदेशी मदतीचा, तो जवळपास एका फटक्यात थांबला. त्यांच्या मध्यवर्ती बँकेचे अमेरिकेत ठेवलेले सुमारे ७ अब्ज डॉलर तिथल्या सरकारने गोठवले. काबूलमध्ये खातेदाराला आठवड्याला जेमतेम २०० डॉलर काढता येत. तालिबानच्या हाती पैसा जाऊ नये हे मलाही पटतं. पण पगार थांबले ते शिक्षकांचे आणि नर्सचे. त्या हिवाळ्यात त्याचे दोन चुलतभाऊ सीमेवरच्या नीमरूझ प्रांतातून इराणला गेले. त्यांच्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती.

आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. ऑगस्ट संपायच्या आत भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधी दिलेले व्हिसे रद्द केले. सुट्टीला घरी गेलेला त्याचा मित्र अडकला तो अडकलाच. त्याची सुटकेस वर्षभर आमच्या माळ्यावर होती.

सगळं बाहेरच्यांच्या माथी मारता येत नाही. दुष्काळ होता, मुलींच्या सहावीपुढच्या शाळा तालिबानने बंद केल्या.

कधीकधी परिणाम दिसायला पिढी जाते. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात राष्ट्राध्यक्ष आर्बेन्झ यांनी बड्या जमीनदारांची पडीक जमीन भूमिहीनांना वाटायला घेतली (आपला कूळकायदा आठवावा). त्यात एका अमेरिकन केळी कंपनीची जमीनही गेली. १९५४ मध्ये सीआयएने त्यांना पाडलं. पुढे १९६० ते १९९६ यादवी, सुमारे दोन लाख माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. आज अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर ग्वाटेमालाची माणसं दिसतात तेव्हा १९५४ कुणी काढत नाही.

आणि आपलं १९७१? याह्याखानांच्या फौजेने पूर्व पाकिस्तानात कत्तल चालवली असताना अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सुमारे एक कोटी लोक भारतात आले. डिसेंबरात ती फौज शरण आली आणि बहुतेक जण काही महिन्यांतच स्वतःहून परतले. आईच्या ट्रंकेतल्या त्या वेळच्या पाकिटांवर निर्वासित मदतीचं पाच पैशांचं जादा तिकीट आहे. ते मात्र १९७३ पर्यंत लावावं लागत होतं.