‘साहाय्य’ आतल्यांना आणि ‘दानधर्म’ बाहेरच्यांना?

एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक अहवालाचा मसुदा तयार करणाऱ्या वाचकाने पुढील वाक्याबद्दल विचारले आहे : ‘आमच्या मंडळीतील गरजू कुटुंबांना साहाय्य व मंडळीबाहेरील गरिबांना दानधर्म करण्यात आला.’ त्यांच्या शंका दोन आहेत. ‘साहाय्य’ आणि ‘दानधर्म’ यांच्या अर्थात काही फरक आहे की पुनरुक्ती टाळण्यापुरते हे दोन शब्द चालतील, ही पहिली. आणि ‘दानधर्म’ हा हिंदू परंपरेतला शब्द म्हणून ख्रिस्ती लिखाणात टाळावा का, ही दुसरी.

व्याकरणाला या वाक्यात अडचण नाही. ‘साहाय्य’ नपुंसकलिंगी, ‘दानधर्म’ पुल्लिंगी, आणि क्रियापद जवळच्या शब्दाला धरून ‘करण्यात आला’ असे आले आहे. शिवाय ‘सहाय्य’ न लिहिता ‘साहाय्य’ लिहिले आहे, हे विशेष. ‘सहाय’ म्हणजे मदत करणारा, त्यावरून भाववाचक नाम ‘साहाय्य’. पण पाट्यांवर आणि पत्रिकांवर हे रूप आता दुर्मीळच झाले आहे.

दुसरी शंका लवकर मिटते, म्हणून ती आधी घेतो. मराठी बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, उजव्या हाताने केलेले डाव्याला कळू नये असे येशू सांगतो तिथे, ‘दानधर्म’ हाच शब्द आहे. त्याच्या जरा आधी, अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात, ‘धर्माचरण’ आहे. ही जोडी पाहण्यासारखी आहे. त्या पहिल्या वाक्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ‘दिकायोसिने’, म्हणजे नीतिमत्त्व, असा शब्द आहे, तर नंतरच्या बऱ्याच हस्तलिखितांत त्याच जागी ‘एलेएमोसिने’, म्हणजे गरिबांना दिलेले दान, असा पाठ आढळतो. नकलकारांची ही सरमिसळ निव्वळ हातचूक म्हणून सोडून देता येत नाही, कारण या दोन्ही शब्दांच्या मागे ‘त्सेदाका’ हा एकच हिब्रू शब्द उभा आहे. त्याचा मूळ अर्थ न्याय, नीतिमत्त्व. पुढे यहुदी व्यवहारात तोच शब्द गरिबाला दिलेल्या दानासाठी रूढ झाला. आता दारात येऊन ‘धर्म करा माय’ म्हणणारा माणूस आठवावा. त्याला आपण नीतीने वागावे असे सांगायचे नसते, त्याला भाकर हवी असते; तरी तो मागतो ‘धर्म’च. वागणुकीचा नियम आणि गरजूच्या हातावर ठेवलेला घास या दोहोंना एकच शब्द हिब्रूने जसा लावला तसाच मराठीनेही लावला, आणि दोन्ही भाषांनी तो आपापल्या वाटेने लावला. म्हणून ‘दानधर्म’ परका समजून टाळण्याचे काही कारण मला दिसत नाही.

माझा आक्षेप आहे तो हा शब्द फक्त बाहेरच्यांसाठी राखून ठेवण्याला. सख्ख्या भावाच्या मुलाची शाळेची फी आपण भरली, तर ‘मी दानधर्म केला’ असे आपण म्हणत नाही. म्हटलेच, तर तो भाऊ संध्याकाळच्या आत पैसे परत आणून देईल. ‘दानधर्म’ वरून खाली जातो. देणारा उभा, घेणारा बसलेला, आणि दोघांच्या मध्ये उंबरा, असे चित्र त्या शब्दात आपोआप येते. ‘साहाय्य’ शेजारी उभे राहून करता येते. तेव्हा फरक आहे, आणि अहवालातल्या वाक्याने तो नेमका वापरला आहे : आतल्यांचा मान राखला आहे आणि बाहेरच्यांना उंबऱ्यापलीकडे ठेवले आहे. लिहिणाऱ्याचा तसा हेतू नसेल, पण दोन शब्द शेजारीशेजारी आले की वाचणाऱ्याला तो फरक जाणवतोच.

यावर कुणी बायबलातल्या गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातले दहावे वचन पुढे करील, कारण आत-बाहेर असा भेद करण्यासाठी तेच नेहमी पुढे केले जाते. सर्वांचे, विशेषतः विश्वासाने एका घराण्यातले झालेल्यांचे बरे करावे, असा त्या वचनाचा आशय आहे. पत्र लिहिणाऱ्या पौलाने तिथे क्रियापद एकच वापरले आहे. सर्वांसाठी एक कृती आणि घराण्यातल्यांसाठी दुसरी, अशी त्याची वाक्यरचना नाही. ‘विशेषतः’ हा शब्द ‘सर्वांचे’ या शब्दाच्या पोटात येतो. सर्वांना पंगतीला बोलावले आणि आजीकडे विशेष लक्ष ठेवायला सांगितले, तर बाकीच्यांची पाने मांडायची नाहीत असा अर्थ कुणी काढत नाही. आजीकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी मात्र खरी असते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर आपल्या घरच्यांची तरतूद न करणारा माणूस विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट, इतके कठोर शब्द आले आहेत.

जाता जाता, या वचनातले ‘बरे करणे’ आजच्या वाचकाला फसवते. आता आपण रोग्याला बरे करतो, गरिबाचे भले करतो. अहवालात हे वचन उद्धृत करायचे असेल, तर शब्द बदलू नयेत, पण पुढे स्वतःच्या वाक्यात ‘भले’ लिहावे.

आत-बाहेर हा भेद मंडळीच्या आतही कसा शिरतो, हे बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात दिसते. यरुशलेमेतल्या मंडळीत विधवांना रोज अन्न वाटले जाई. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर सुरू झाली. यासाठी मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ हा तयार शब्द आहे, आणि त्याहून नेमका शब्द मला कोणत्याही भाषांतरात आढळलेला नाही : एकाच पंगतीत एकाच्या पानावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानावर नुसता भात. यावर उपाय म्हणून सात माणसे निवडली गेली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव ही सगळीच नावे ग्रीक आहेत; म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाढपाचे काम दिले असावे, असे दिसते. याच प्रसंगातला ‘दियाकोनिया’ हा ग्रीक शब्द आपण ‘सेवा’ या शब्दाने मराठीत आणतो. अन्नवाटपाला तोच शब्द आणि, तीनच वाक्यांनी पुढे, वचनाच्या सेवेलाही, म्हणजे उपदेशालाही, तोच. ‘सेवा’ म्हटल्यावर ज्यांच्या मनात फक्त व्यासपीठ येते, त्यांनी हे एकदा ताडून पाहावे.

आता ‘मंडळीबाहेरील’ या शब्दाकडे येतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचा जाणकार, येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? त्याला व्याख्या हवी आहे, म्हणजे कुणापर्यंत द्यायचे याची हद्द ठरवता येईल. येशू यरीहोच्या वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) त्या माणसाला पाहून निघून जातात. यहुद्यांना परका असलेला शोमरोनी त्याच्या जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन, जास्त खर्च झाल्यास परतताना देईन, असे सांगून जातो. शेवटी येशूचा प्रश्न असा की, या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण ‘झाला’? शास्त्री विचारत होता शेजारी कोण ‘आहे’. उत्तरात क्रियापद बदलले. मराठीत शेजारी मिळतो, लाभतो, क्वचित नशिबी येतो; ‘शेजारी होणे’ असे आपण सहसा बोलत नाही. पण ‘शेजारधर्म’ हा शब्द आपल्याकडे आहेच, आणि तो पाळायचा असतो. विशेष म्हणजे ‘शेजारधर्मा’तला ‘धर्म’ वरून खाली जात नाही. वाटीभर साखर आज इकडून तिकडे जाते, उद्या तिकडून इकडे येते.

बाहेरच्यांना हे कसे दिसत होते, याची साक्ष ख्रिस्ती धर्म सोडून दिलेल्या एका माणसाची आहे. रोमन सम्राट ज्युलियन याला जुन्या देवतांची पूजा पुन्हा रुजवायची होती. इ. स. ३६२ च्या सुमारास एका पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो चिडून म्हणतो की, हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असेच म्हणे) त्यांच्याच गरिबांना नव्हे, तर आमच्याही गरिबांना पोसतात. या तक्रारीचे मराठी करताना सर्वनाम ‘आमच्या’ हेच हवे; ‘आपल्या’ लिहिले, तर ते गालीली लोकांचेच गरीब वाटतील. शिवाय ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळू शकणारे ‘आम्ही’ असा भेद मराठीत आहे. अहवालही सुरू होतो तो ‘आमच्या मंडळीतील’ या शब्दांनी. तिथे ‘आपल्या’ लिहून पाहावे.

महाराष्ट्रातले एक उदाहरण शब्दांच्याच दृष्टीने देतो. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आश्रय दिला. त्यांतल्या बहुतेक जणी आल्या तेव्हा कोणत्याही ख्रिस्ती मंडळीच्या नव्हत्या. संस्थेचे नाव ‘मुक्ती’, आणि आतल्या विभागांची नावे कृपासदन, प्रीतिसदन अशी. ‘अनाथ’ किंवा ‘दान’ हे शब्द या नावांत आले नाहीत. ज्या बाईने पुढे बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर केले, तिने ही नावे विचार न करता ठेवली असतील, असे मला वाटत नाही.

राहता राहिले ‘गरजू’ आणि ‘गरीब’. मसुद्यात आतल्यांना पहिला शब्द आहे आणि बाहेरच्यांना दुसरा. इथेही तोच पंक्तिप्रपंच. ‘गरजू’ हे प्रसंगाचे वर्णन आहे, ‘गरीब’ हे माणसाचे. गंमत अशी की, अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दूर पडलेला. निर्धन हा अर्थ त्याला नंतर चिकटला. तेव्हा ‘बाहेरील गरीब’ ही व्युत्पत्तीच्या दृष्टीने द्विरुक्ती झाली.

मी वाक्य असे लिहीन : ‘यंदा आपल्या मंडळीतील आणि मंडळीबाहेरील गरजू कुटुंबांना साहाय्य करण्यात आले.’ कुणाला किती दिले ते हिशेबाच्या पानावर वेगळे दाखवावे लागेलच. तिथे दोन रकाने असावेत, मात्र दोन्हींच्या डोक्यावर शब्द ‘साहाय्य’ हाच हवा.