पैसा कधी येणार?

प्रिय पोरी,

तुझ्या चटणीच्या धंद्याची एक्सेल फाइल बघितली. लोगो झकास, नावही छान. त्याचं कौतुक बाकीचे करतीलच. मला एकच रकाना सापडला नाही. पैसा कधी येणार?

एमबीए करू की चटणीचा धंदा, कर्ज काढू की नको, घरचे तर बँकेच्या परीक्षेमागे लागलेत... त्या घोळात मी पडत नाही. आधी हिशेब.

शेंगा चटणीचं पाव किलोचं पाकीट तुला 62 रुपयांना पडतं, दुकानदाराला 90 ला देणार, महिन्याला 500 पाकिटं, नफा 14,000. गुणाकार बरोबर आहे. पण पुण्यातला दुकानदार "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणार. पुढच्या महिन्यात गल्ल्यावर त्याचा मुलगा असणार, आणि त्याला काहीच माहीत नसणार. वर खवट झालेली पाकिटं परत येतील ती वेगळीच. इकडे शेंगा, तिखट, पिशव्या सगळं रोखीनं. महिन्याचे 31,000 घातलेस, दोन महिने वसुली नाही, म्हणजे 62,000 बाहेर. ज्या मुद्रा कर्जावर तुझी भिस्त आहे, त्याच्या शिशु गटाची, म्हणजे सगळ्यात छोट्या कर्जाची, मर्यादा 50,000. कागदावर नफा, आणि दुसऱ्याच महिन्यात शेंगा आणायला पैसे नाहीत! म्हणून विचारतो, पैसा कधी येणार?

मग कुणीतरी ओळखीचा "फक्त 12 टक्के, फ्लॅट" म्हणत येईल. म्हणजे मुद्दल फिटत गेली तरी व्याज शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर. तीन वर्षांच्या हप्त्यांत ते घटत्या शिलकीवर साधारण 21 टक्के पडतं. स्वतः मांडून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, कर. ती फुकट आहे, एजंटला दमडी देऊ नकोस. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या, कायद्यानं तुझ्यासारखीचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावेच लागतात. नाहीतर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. परीक्षेत याला मार्क मिळतील. दुकानदारावर तक्रार ठोकलीस तर फळीवर पाकीट राहील का, ते तूच सांग. कायदा माहीत असू दे, पण माल देण्याआधी तारीख ठरवून बिलावर घाल.

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझे टॉवेलचे माग चालले ते या एका हट्टावर. बाजारात मला कंजूष म्हणतात, म्हणू देत. सख्ख्या मावसभावाचं दुकान होतं. ऐन दिवाळीच्या तोंडावर मी त्याचा माल थांबवला. मागची बाकी दे, मग गठ्ठा उचल. तेव्हापासून अबोला, मावशीच्या तेराव्यालाही एक शब्द नाही. चुकलं का माझं? त्याच आठवड्यात कामगारांचा बोनस वाटायचा होता. तो कुठून देणार होतो? नाही चुकलं. जरा गोड बोलता आलं असतं, एवढंच.

तू घाबरू नकोस. चटणी उत्तम आहे, हात चांगला आहे तुझा. पण पुण्याची दुकानं तूर्त यादीतून काढ. विद्यापीठाच्या हॉस्टेलवर, ओळखीच्या घरांत, आगाऊ पैसे घेऊन 100 पाकिटं विक. तेवढीही रोखीनं गेली नाहीत तर 500 ची बात माझ्यापुढे काढायची नाही.

रविवारी ये. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे तारखेचा रकाना भरून आण, "अंदाजे" लिहिलेलं चालणार नाही. आणि येताना दोन पाकिटं घेऊन ये. 180 रुपये दारातच हातावर ठेवतो.

तुझा,
काका