12 हजारांचा क्लास लावू की नको?

प्रश्न: ताई नमस्कार, मी डिचोलीची, पहिलंच बाळंतपण आहे, सहावा महिना लागलाय आणि तारीख दिवाळीच्या आसपासची दिलीय. नोकरी पणजीत, मिस्टर वेर्ण्याला कंपनीत शिफ्टला असतात. ऑफिसमधल्या मैत्रिणीने पणजीतल्या एका गरोदरपणाच्या क्लासचं सांगितलं, 8 रविवार, नवरा-बायकोचे मिळून 12 हजार, त्यात श्वासाचे व्यायाम, डाएट चार्ट, गर्भसंस्काराचं म्युझिक, एक किट आणि शेवटी फोटोशूट. ती म्हणते क्लास केला म्हणूनच माझी नॉर्मल झाली. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी कुठे होते क्लास, ते पैसे बाळंतपणाला ठेव. डिलिव्हरी म्हापशाला आझिलोत, म्हणजे सरकारी जिल्हा हॉस्पिटलात करायचं ठरतंय, चेकअप पण तिथेच चालू आहे. पैसे अगदीच नाहीत असं नाही, पण 12 हजार आमच्यासाठी थोडे पण नाहीत. क्लास नाही लावला तर माझं काही चुकेल का अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर: आधी भीतीचं बोलू या, कारण मला वाटतं पैशांपेक्षा तीच तुला जास्त त्रास देतेय. क्लास न लावल्याने तुझं किंवा बाळाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते चेकअप चुकवल्याने, रक्तवाढीच्या गोळ्या डब्यात तशाच राहिल्याने, आणि काहीतरी वेगळं वाटतंय पण उद्या बघू म्हणून घरी बसल्याने. ही तीन कामं तू नीट करतेयस ना, मग मोठं काम झालंच.

मी बरीच वर्षं लेबर रूममध्ये नर्स होते, क्लास केलेल्या बायका पाहिल्या, न केलेल्या त्याहून खूप जास्त पाहिल्या, आणि मैत्रिणीला वाटतं तसं क्लासमुळे नॉर्मल होते हे मी तुला सांगू शकत नाही. बाळ कसं फिरलंय, बीपी किती आहे, कळा सुरू असताना बाळाचे ठोके कसे आहेत, यावर ते ठरतं. गोव्यात तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जवळपास 40 टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसली, म्हणजे क्लासमधल्या बायकांपैकी पण बऱ्याच जणींचं सिझर होणारच, आणि ते झालं की त्या स्वतःला दोष देत बसतात, आपणच श्वास नीट घेतला नाही म्हणून. हे ऐकून मला फार वाईट वाटतं. नॉर्मलची गॅरंटी देणारा क्लास असेल तर तिथे एक रुपया पण भरू नकोस.

अभ्यास काय सांगतात तेही बघ. कोक्रेन नावाची संस्था जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते, त्यांनी 2007 मध्ये गरोदरपणाच्या क्लासेसवरचे 9 अभ्यास बघितले आणि फायदा होतो की नाही हे नीट कळत नाही असंच म्हटलं. पण 2017 मध्ये त्यांनीच दुसरी एक गोष्ट तपासली, 15 हजारांहून जास्त बायकांची, कळांच्या वेळी शेजारी सतत कुणीतरी असलं तर काय होतं. तर ज्यांच्यासोबत माणूस होतं त्यांची नॉर्मल जास्त झाली, सिझर कमी झालं, कळा पण थोड्या कमी वेळ चालल्या. हे वाचल्यापासून मी प्रत्येकीला हेच सांगते की क्लासचा विचार नंतर कर, आधी तुझ्यासोबत आत कोण येणार ते ठरव.

आणि इथेच तुझ्या 12 हजारांचा हिशोब आहे. केंद्र सरकारने 2016 मध्येच सरकारी हॉस्पिटलांना सांगितलंय की कळांच्या वेळी बाईसोबत एक जण राहू द्या, पण ती शक्यतो घरातली बाई असावी, जिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं आहे अशी, आणि आत नीट पडदे-आडोसा असेल तिथेच नवऱ्याला सोडता येतं. आता तू नवऱ्याला घेऊन 8 रविवार क्लासला गेलीस, तो पाठ कशी दाबायची ते शिकला, आणि ऐनवेळी तो बाहेर बाकड्यावर आणि आत सासूबाई किंवा आई, ज्यांना यातलं काहीच माहीत नाही, असं झालं तर त्या पैशांचा उपयोग काय? म्हणून पुढच्या चेकअपला गेलीस की लेबर वॉर्डातल्या सिस्टरना सरळ विचार, सोबत कोण चालतं, कळा येत असताना उठून चालू देतात का, कुशीवर किंवा बसून राहता येतं का, बाळ झाल्यावर लगेच छातीवर देतात का. उत्तरं मिळाली की काय शिकायचं आणि कुणी शिकायचं ते तुझं तुलाच कळेल. आत जाणाऱ्या सासूबाई असतील तर त्यांनाच शिकव. आमच्या वेळी क्लास नव्हते म्हणतात ना त्या, बरोबर आहे, पण बाळंतपण त्यांनी केलंय, तुझ्याजवळ बसून कंबर चोळायची, पाणी पाजायचं, घाबरवणारं काही बोलायचं नाही, एवढं त्यांना समजावून सांगितलं तर त्या मनापासून करतील. पैसे ठेव म्हणतात त्यातही मला त्यांची काळजीच दिसते.

राहिली माहिती, ती विकत घ्यायची गरज नाही गं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास फुकट तपासणी असते, चौथ्या महिन्यापासून पुढच्यांसाठी, 2016 पासून चालू आहे, तिथे डॉक्टरला प्रश्न विचारायला लाजू नकोस, घरून कागदावर लिहून ने. तुझ्या उपकेंद्रातली नर्सबाई पण सांगते. माता-बाल कार्डावर धोक्याच्या खुणा छापलेल्या असतात, ते पान नवऱ्याला आणि सासूबाईंना दोघांनाही वाचायला लाव: अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे धूसर दिसायला लागलं, तोंड आणि हात सुजले, ताप आला, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, यातलं काहीही झालं तर रात्र आहे की पाऊस आहे बघायचं नाही, निघायचं. हे पान कुठल्याही किटपेक्षा मोलाचं आहे.

गर्भसंस्काराचं म्युझिक ऐकून मन शांत होत असेल तर घरी फोनवर लाव, भजन लाव, काहीही लाव. त्याने बाळ हुशार किंवा गोरं होतं याला काही आधार नाही, त्यासाठी पैसे भरू नकोस. आणि क्लासमधलं कुणी आयर्नच्या गोळ्या बंद कर, सगळं नैसर्गिक घे असं म्हणालं तर त्या क्लासला परत जाऊ नकोस.

मग क्लास कुणी लावावा? जिच्या घरी विचारायला कुणीच नाही, जिला कळांच्या विचाराने रात्री झोप लागत नाही, किंवा जिच्या हॉस्पिटलात नवऱ्याला आत सोडतात आणि तो शिकायला तयार आहे, तिने लावावा आणि मनात कसलीही टोचणी ठेवू नये. फक्त शिकवणारी बाई नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट आहे का, बायका थोड्या आहेत का, समोर बसून नुसती भाषणं की प्रत्येकीकडून करून घेतात, सिझरबद्दल आणि दूध पाजण्याबद्दल किती वेळ देतात, हे विचारून घ्यावं. श्वासाचं तंत्र काही अवघड नाही, कळ आली की नाकाने घ्यायचा आणि तोंडाने सावकाश लांब सोडायचा, खांदे आणि जबडा सैल ठेवायचा, पण ते रोज झोपताना करून अंगात मुरावं लागतं, पोहणं पुस्तकातून येत नाही तसंच आहे हे.

तुझ्या बाबतीत मी म्हणेन 12 हजार भरू नकोस. त्याच क्लासला फोन करून विचार की कळांचा एक आणि दूध पाजण्याचा एक असे दोनच दिवस येऊ का, दोघींचे पैसे देते, सोबत सासूबाईंना आणते. बऱ्याचदा ऐकतात. नाही म्हणाले तर सोडून दे. सरकारी हॉस्पिटलात डिलिव्हरी, सिझर धरून, औषधं, तपासण्या, जेवण सगळं फुकट असायला हवं, 2011 पासूनची योजना आहे, म्हणजे तुझे हे पैसे खरंच शिल्लक राहतील, आणि ते बाळ घरी आल्यावरच्या पहिल्या महिन्यासाठी ठेव. खरी ओढाताण तेव्हा होते. दूध नीट ओढत नाही, स्तनाग्रं चिरतात, घरात पाच जण पाच सल्ले देतात, कुणी मध चाटवा म्हणतं, कुणी घुटी, आणि पोरगी रडकुंडीला येते. पहिल्या तासात छातीला लावायचं, चिकाचं दूध फेकायचं नाही, दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजायचं, 6 महिने पाणी पण नको, हे आत्ताच घरात सगळ्यांसमोर बोलून ठेव. तरी अडलं तर स्तनपान शिकवणाऱ्या तज्ज्ञ बाईला घरी बोलवायला, किंवा दोन वेळचा स्वयंपाक करून देणाऱ्या बाईला, हे पैसे दे.

प्रश्न: मी फोंड्याचा. आमची डिलिव्हरी खाजगी हॉस्पिटलात आहे, गरोदरपणाचा क्लास हॉस्पिटलच घेतं, बायको सोबत चल म्हणते. मी तिथे बसून काय करणार?

उत्तर: जा. तुमच्या इथे नवऱ्याला आत सोडतात का ते आजच विचारा, सोडत असतील तर तुम्हीच तिची सोबत आहात आणि शिकायचं तुम्हाला आहे. दोन कळांमधलं अंतर घड्याळ लावून कसं मोजायचं, कंबरेवर तळहाताने कुठे दाब द्यायचा, ती ओरडली तरी आपण घाबरायचं नाही, हे समोर करून बघितल्याशिवाय येत नाही. क्लासमध्ये लाज वाटली तरी प्रश्न विचारा. घरी आल्यावर फाइल, आधार कार्ड, तिचा रक्तगट, गरज पडली तर रक्त द्यायला कोण येईल त्या दोघा-तिघांचे नंबर, हे एका पिशवीत भरून ठेवा, गाडी नसेल किंवा रात्र असेल तर 108 ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची, गोव्यात ती फुकट येते. बाळ झाल्यावर रात्री लंगोट बदलणं आणि ढेकर काढणं ही कामं तुमची, त्याची प्रॅक्टिस पण त्याच क्लासमध्ये मागून घ्या.