डब्यात काय होतं?

"मॅडम, चार माणसांत बसलो की मला बोलायला सुचतच नाही."

समुपदेशनाच्या खोलीत ही तक्रार मी फार ऐकते. लातूरकडून पुण्याला नोकरीसाठी आलेला तेवीस वर्षांचा मुलगाही हेच म्हणाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ऑफिसात सगळे एकत्र जेवायचे, हा जिन्यात बसून डबा संपवायचा.

"समज, गेलास त्यांच्यात. मग काय होतं?"

"वाक्य मनात जुळवत बसतो. बरोबर आहे का, गावाकडचं वाटेल का... तोवर विषय पुढे गेलेला असतो. मग मोबाईल काढतो."

अशा मुलांना सगळे 'आत्मविश्वास वाढव' म्हणतात. मला हा सल्ला पटत नाही. तो वाढवायचा कसा, हे कुणी सांगत नाही. या मुलाकडे शब्द होते. पण त्याचं सगळं लक्ष स्वतःवर होतं: आपला आवाज, आपले हात, कपाळावरचा घाम. समोरच्याचं बोलणं कानात शिरतच नसेल, तर त्यावर सुचणार काय? डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्या केंद्रस्थानी हेच आहे. वाक्यं घोकणं, मोबाईलमध्ये डोकं घालणं या बचावाच्या सवयी. त्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं, भीती मात्र टिकून राहते.

मी त्याला म्हटलं, "उद्या त्यांच्यात जाऊन बस. बोलायचं नाही. मोबाईल बॅगेत. कोणाच्या डब्यात काय होतं, तेवढं मला येऊन सांग."

पुढच्या वेळी त्यानं चार डबे सांगितले. पाचवा ओळखू आला नाही म्हणून त्यानं विचारलं होतं. अंबाडीची भाजी निघाली.

"माझ्या तोंडून आपोआप निघालं, आमच्याकडे यात ज्वारीच्या कण्या घालतात."

"मग?"

"मग त्या ताई नांदेडच्या निघाल्या!"

नंतरचे दोन आठवडे मात्र अवघड गेले. त्यानं एक विनोद सांगितला, कुणीच हसलं नाही, आणि तो पुन्हा जिन्यात गेला. तेव्हा मी त्याला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची गोष्ट सांगितली. मुलींशी बोलायला घाबरणारे एलिस एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स इथल्या वनस्पती उद्यानात रोज जायचे आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून बोलायचे. महिनाभरात शंभरेक जणींशी बोलले. एकीनं भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण नकार सोसता येतो, हे त्यांना कळलं. पुढे १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे त्रास देणारे अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणारी पद्धत, त्यांनीच मांडली. आपल्याकडे ती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शंभर? माझा तर एकच विनोद पडला."

मीटिंगमध्ये बोलताना त्याचा घसा अजून कोरडा पडतो. त्यावर आमचं काम सुरू आहे. जेवायला मात्र तो आता टेबलावर असतो, आणि येत्या सोमवारी कण्या घातलेली अंबाडी आणायचं त्यानं कबूल केलंय.